हॉकी संघ सारखा हरतोय? चेंडू कुठे हरवतो ते आधी शोधा

लीगमध्ये आपला संघ लागोपाठ चार सामने हरला की महाराज बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य चौकात, दोनच निदानं ऐकू येतात: कोच बदला, नाहीतर फॉरवर्डला बसवा. या शहरात हे व्हायचंच. कॅप्टन रूपसिंह इथले, आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ असं हरवलं त्यात त्यांचे एकट्याचे दहा गोल. गोलांवरून संघ जोखायची सवय या शहराच्या अंगात मुरली आहे. पण गोल सगळ्यात शेवटी होतो. बिघाड बहुतेक वेळा दोन-तीन पास आधी झालेला असतो.

हरलेल्या काळातल्या सहा सामन्यांचं चित्रण घ्या आणि संघ जिंकत होता तेव्हाचे सहा. एक-दोन सामन्यांवरून काहीच ठरवू नका. वहीत १५ मिनिटांच्या प्रत्येक क्वार्टरसाठी दोन्ही संघांचे चार आकडे मांडा: चेंडू समोरच्यांच्या २३ मीटरच्या रेषेआत किती वेळा नेला, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, किती वेळा शिरला, गोलवर किती फटके बसले, पीसी (पेनल्टी कॉर्नर) किती मिळाले. थांबवत थांबवत पाहिलं तर एका सामन्याला दोन-अडीच तास जातात. ते द्या.

आता दोन्ही रकाने शेजारी ठेवा. चारही आकडे तेवढेच आहेत आणि फक्त गोल आटलेत, तर संघ बिघडलाय असं लगेच म्हणू नका. सरासरी चार पीसींना एक गोल करणाऱ्या संघाचे लागोपाठ आठ पीसी कोरडे जाण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. म्हणजे लांबलचक मोसमात असं एकदा तरी घडायचंच. तेवढ्यावरून ड्रॅग फ्लिकर, म्हणजे पीसीवर चेंडू स्टिकने ओढत गोलवर भिरकावणारा, बदलणं हा अन्याय आहे, आणि नवा माणूस जमेपर्यंत खरंच नुकसान होतं.

डीमधल्या शिरकावांची संख्या तीच, पण फटके कमी झालेत? मग चेंडू डीत शिरतो त्या क्षणी चित्र थांबवा आणि डीत आपले किती खेळाडू आहेत ते मोजा. आधी तीन असायचे आणि आता एक-दोनच दिसत असतील, तर फॉरवर्ड एकटा पडलाय. दोष मिडफिल्ड वर येत नाही याचा आहे. शिव्या मात्र फॉरवर्डला बसतात.

२३ मीटरच्या आतच पोचणं घटलं असेल तर गाठ मागे आहे. आपल्या बचावफळीच्या प्रत्येक फ्री हिटचा पहिला पास कुठे गेला तेवढंच लिहा. पाचांपैकी चार वेळा तो एकाच बाजूच्या हाफकडे (मधल्या फळीतल्या खेळाडूकडे) जात असेल, तर समोरच्यांनी ते कधीच ओळखलंय. ते ती बाजू मुद्दाम मोकळी ठेवतात आणि पास सुटताच तिघं मिळून कोंडी करतात. हे टीव्हीवर नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. नजर तयार करायची तर मैदानावर जा. राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ पासून ग्वाल्हेरातच आहे. तिथे सामना असेल तेव्हा गोलमागे जमेल तितक्या उंचावर बसा आणि एक क्वार्टर चेंडूकडे न पाहता फक्त बचावफळीपुढची मोकळी जागा पाहा.

पीसी मात्र वेगळा तपासावा लागतो, कारण तो तीन जणांचा खेळ आहे आणि नाव एकाचंच होतं: एक गोलरेषेवरून चेंडू आत ढकलतो (इंजेक्शन), स्टॉपर तो अडवतो (ट्रॅप), फ्लिकर मारतो. इंजेक्शन सुटल्यापासून फ्लिक सुटेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात पाच फ्रेम जास्त लागल्या, तर सेकंदाचा सहावा भाग गेला. सेकंदाला सहा मीटर धावणारा पहिला रशर, म्हणजे फटका अडवायला गोलरेषेवरून धावत येणारा बचावपटू, तेवढ्यात एक मीटर पुढे सरकतो आणि चेंडू त्याच्या स्टिकवर जातो. मग स्टॉपरची स्टिक पाहा: ट्रॅप होताना चेंडू वीतभर उसळून पुढे गेला, तर फ्लिकरला पाऊल बदलावं लागतं, कंबर उघडते, फटका नेहमीच्या कोपऱ्याऐवजी मधोमध येतो. उसळी दर वेळी दिसली तर आधी इंजेक्शन सुधारा. चेंडू जमिनीलगत न येता उड्या मारत येत असेल तर चांगला स्टॉपरही काही करू शकत नाही. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, मारलेलं पाणी कमी पडलं तरी हेच होतं, म्हणून सामना कुठल्या मैदानावर, किती वाजता झाला तेही टिपून ठेवा.

खाल्लेले गोल क्वार्टरवार लावा. ते चौथ्या क्वार्टरमध्ये साचले असतील तर लगेच दमसास कमी पडला म्हणू नका. त्या मिनिटांत मैदानावर कोण होतं ते पाहा. बदली कितीही करता येते, तरी कोच मागे पडल्यावर भरवशाच्या खेळाडूंना बाहेर काढायला कचरतात. एरवी सहा-सात मिनिटांनी विश्रांती घेणारा फॉरवर्ड बारा मिनिटं आत राहतो आणि प्रेस करायला, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकवायला, पाय उचलत नाहीत.

कार्डंही मोजा. हिरवं म्हणजे दोन मिनिटं, पिवळं म्हणजे किमान पाच मिनिटं एक माणूस कमी. त्या वेळात खाल्लेले गोल वेगळे काढले की कधीकधी उरलेला संघ ठीकठाक निघतो.

गोलकीपरचं सगळ्यात शेवटी. पीसीवरचे गोल आणि चालत्या खेळातले गोल वेगवेगळे मोजा, आणि प्रत्येक बचावानंतर चेंडू पॅडवरून कुठे गेला ते लिहा. बाजूला गेला तर काम चोख. पुन्हा पुन्हा समोर डीच्या मधोमध येत असेल आणि दुसऱ्या फटक्यावर गोल होत असेल, तर पॅडचा कोन सुधारायचा, आणि त्या चेंडूवर आधी पोचायचं काम कुठल्या बचावपटूचं हे नावानिशी ठरवायचं.