फार्माकॉलॉजी पाठ होते, पण समजत नाही? या चुका टाळा

सेकंड एमबीबीएसची मुलं जनरल फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कशी वागतात याचे मूळ नियम, आठवडाभरात उरकतात आणि थेट औषधांच्या नावांना भिडतात. शिकवताना मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, कारण पुढे गाडी अडते ती नेमकी याच प्रकरणापाशी.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) मी हृदयाच्या एका औषधाबद्दल विचारते, "डिजॉक्सिनची हाफ-लाइफ किती?" म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला किती वेळ लागतो? उत्तर तयार असतं: साधारण ३६ ते ४० तास. "मग आजपासून रोज एक गोळी दिली, तर रक्तातली पातळी स्थिर कधी होईल?" इथे बहुतेक जण गप्प होतात. वहीच्या कडेला एवढंच मांडा: एका हाफ-लाइफनंतर स्थिर पातळीच्या ५० टक्के, दुसरीनंतर ७५, मग ८७.५, ९४, ९७. म्हणजे चार-पाच हाफ-लाइफ. मूत्रपिंडं ठीक असतील तर जवळपास आठवडा. डोस दुप्पट केला तरी हे दिवस कमी होत नाहीत, पातळी मात्र दुप्पट होते, आणि डिजॉक्सिनमध्ये ते जिवावर बेतू शकतं. हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की लोडिंग डोस (पातळी लवकर गाठायला सुरुवातीलाच दिलेला मोठा डोस) कशासाठी, हे वेगळं घोकावं लागत नाही.

याच डिजॉक्सिनचं व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे रक्तातल्या पातळीवरून काढलेला औषधाच्या पसाऱ्याचा आकार, सुमारे ५०० लिटर. अंगात पाणीच ४२ लिटर, मग हा आकडा छापताना चुकला का? नाही. तो खराखुरा आकार नव्हेच. औषध रक्तात थोडं आणि पेशींमध्ये भरपूर, एवढंच तो सांगतो. म्हणून तर डिजॉक्सिनची विषबाधा डायलिसिसने उतरत नाही.

पोटन्सी (किती कमी डोसमध्ये काम होतं) आणि एफिकसी (जास्तीत जास्त किती परिणाम होतो) यांची गल्लत तर ठरलेलीच. लघवी वाढवणारी औषधं घ्या. बुमेटॅनाइड १ मिग्रॅ आणि फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ, लघवी साधारण सारखीच होते, फरक पोटन्सीचा. हायड्रोक्लोरोथायझाइड कितीही वाढवलं तरी तिथवर पोचत नाही. हा फरक एफिकसीचा. निवड करताना बहुतेक वेळा दुसरा फरक महत्त्वाचा.

नावाच्या शेपटीवरही विसंबू नका. ओमेप्राझोल ॲसिडिटीवर, ॲरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियावर.

आणि हाफ-लाइफचं गणित सगळीकडे लावू नका. फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध पचवणारी यकृतातली एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच भरत येतात. ३०० मिग्रॅचे ४०० केले की पातळी तिसऱ्या हिश्श्याने नाही, कितीतरी पटीने चढू शकते, आणि पेशंट डोळे थरथरत, झोकांड्या खात ओपीडीत परत येतो.