बियाण्याचा कांदा फुलतोय, दिवसा पंप खांद्याला लावू नका

जानेवारीत आभाळ भरून आलं की शिरूर, खेड, जुन्नरकडं बियाण्याच्या कांद्यावर सकाळीच पंप सुरू होतात. दुकानदार तीन बाटल्या हातात देतो: थ्रिप्सची (फुलकिड्यांची), करप्याची (बुरशीच्या रोगाची) आणि वर दाणे भरायचं टॉनिक. दुसऱ्या दिवशी उजाडताच गोंड्यांखाली, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या गुच्छांखाली, वाकून बघा. जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या मधमाश्या मातीत दिसतील. पुढं काढणीला तेच गोंडे चोळले की नुसती फोलकटं निघतात. हे मी दरवर्षी बघतोय.

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. फुलाचं स्वतःवर भागत नाही, पराग माशीनंच आणायचा.

सोलापूरकडच्या माळढोक पक्ष्यासाठी आपण हळहळतो. नान्नजला 1979 साली अभयारण्य झालं, तरी 2011 पासून तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालते. माळ नांगरला की वीण गेली. सातेरी ही आपली देशी मधमाशी. तिचं नाव तसल्या यादीत नाही, पण 1990 च्या दशकात थाई सॅकब्रूड रोगानं दक्षिणेत तिची मोहोळंच्या मोहोळं मेली. पेटवलेले बांध आणि पिकावरचं विष दोघांनाही भोवतं. माळढोक एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. सातेरीची राणी मात्र फुलोऱ्यात रोज शेकडो अंडी घालते, मोहोळ पुन्हा भरतं. हे तीन-चार आठवडे तेवढं तिला मारू नका.

थ्रिप्सचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच करा. नंतर गरज पडलीच तर सूर्य मावळल्यावर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, गाळून 100 लिटर करा. करपा दिसला तर मँकोझेब 2.5 ग्रॅम प्रति लिटर, तेही संध्याकाळीच. टॉनिकचे पैसे मधमाश्यांच्या पेट्यांना द्या. 10 टक्के फुलं उमलल्यावर हेक्टरी 4-5 पेट्या ठेवा. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असेल तर माश्या तिकडं वळतात, असा माझा अनुभव आहे. तिथं एखादी पेटी वाढवा.

बाकी कामं:
- भेसळ (दुसऱ्या जातीची) झाडं उपटणं
- थ्रिप्ससाठी निळे चिकट सापळे
- हलकं पाणी, वाफ्यात तुंबू न देता

बांधावरचं गवत फुलोरा संपेपर्यंत पेटवू नका, तणनाशकही नको. शेजाऱ्याला फवारायचं असेल तर आदल्या दिवशी कळवायला सांगा, म्हणजे अंधार पडल्यावर पेट्यांची दारं लावता येतील.