पोर्टल आलं, रांग तशीच: सरकारी सेवा ऑनलाइन नेताना या चुका टाळा

पोर्टलचं उद्घाटन होऊन सहा महिने झाले, अर्जही ऑनलाइन येतात, तरी कार्यालयाबाहेरची रांग हटत नाही. विकसनशील देशांत हे वारंवार दिसतं आणि पहिला संशय सर्व्हरवर घेतला जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा.

आधी एक अर्ज निवडा आणि तो कुठून कुठे जातो ते शेवटपर्यंत बघा. बहुधा असं आढळेल: नागरिक फॉर्म ऑनलाइन भरतो, कारकून त्याची प्रिंट काढतो, साहेब तिच्यावर सही करतात आणि ती प्रत स्कॅन होऊन पुन्हा सिस्टिममध्ये चढते. आधी एक फाइल सांभाळायची होती, आता फाइल आणि स्क्रीन दोन्ही. म्हणून सॉफ्टवेअर लिहायच्या आधी प्रक्रिया छाटा. जो दाखला सरकारनेच दिलाय, तो नागरिकाकडे परत मागू नका. ज्या सहीने कधीच कुठला अर्ज रोखला जात नाही, ती काढून टाका. बोलायला सोपं आहे. प्रत्येक सहीमागे कुणाचा तरी अधिकार असतो, कधी वरकमाईही. त्यामुळे हे काम एकट्या आयटी विभागाच्या गळ्यात मारून होत नाही, नियम बदलू शकणारा अधिकारी सोबत लागतो.

यश मोजतानाही गल्लत होते. किती जणांनी नोंदणी केली, हा आकडा भाषणापुरता बरा. बांगलादेश सरकारच्या एटूआय या डिजिटल सेवा कार्यक्रमाने नागरिकाचा वेळ, खर्च आणि खेपा किती वाचल्या, हे मोजायची पद्धत रुजवली. खेपा मोजायला लागलात की अर्ज नेमका कुठे अडतो ते आपोआप कळतं.

सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे असं धरून चालू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोने २०२० मध्ये कोविडकाळातली ‘नोविसी’ ही रोख मदत साध्या फोनवरून, यूएसएसडी कोड (इंटरनेटशिवाय चालणारा, * ने सुरू होऊन # ने संपणारा नंबर) डायल करून मागता येईल अशी केली. ओळख पटवायला मतदारांची नोंद हाताशी होती, म्हणून ते झटपट जमलं. अर्थात मतदार ओळखपत्रच नसलेला माणूस त्यातून वगळला गेला. रवांडात ‘इरेम्बो’ या सरकारी सेवांच्या पोर्टलसाठी एजंट आहेत, ते लोकांचे अर्ज भरून देतात. पोर्टल आहे म्हणून माणूस हटवायची घाई नको.

अंगठ्याचा ठसा जुळत नाही, ही तक्रार म्हातारी आणि कष्टाची कामं करणारी माणसं हमखास करतात. मशीन बदलून ती पूर्ण मिटत नाही. ओळख पटवायचा दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून लेखी ठरवा आणि तो वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होणार नाही हेही लिहा. नाहीतर तो सरळ ‘उद्या या’ म्हणेल.

कायदा मागाहून बघू, हेही महागात पडतं. केनियात २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने हुदुमा कार्ड या राष्ट्रीय ओळखपत्राचं वाटप बेकायदा ठरवलं, कारण विदासंरक्षणावरील, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या सुरक्षेवरील परिणामांचा आढावा आधी घेतलाच नव्हता.

आणि बॅकअप. २०२२ मध्ये कोस्टारिकाच्या अर्थ मंत्रालयावर रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, कर आणि सीमाशुल्काच्या यंत्रणा बंद पडल्या आणि पुढे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. तुमच्याकडे बॅकअप असेलही, पण तो प्रत्यक्ष परत चढवून शेवटचा कधी पाहिला? सिस्टिम बंद असताना खिडकीवरचा माणूस कोणत्या छापील फॉर्मवर अर्ज घेईल, ते आजच ठरवा आणि तो फॉर्म खणात ठेवा.