मशीन बंद करायचं नाही, बिल कमी करायचं

गेल्या थंडीत एका रात्री घरात फार शांत वाटलं म्हणून मला जाग आली. ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, चोवीस तास घरघरत असतं. त्या आवाजाची इतकी सवय झालीय की तो थांबला की झोप मोडते. उठून पाहिलं तर नळी उशाशी नीट गुंडाळून ठेवलेली आणि बटण बंद. बोटाला ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्के. मशीन चालू केलं, नळी लावली, श्वास जरा बसल्यावर विचारलं, तर म्हणाले, "या वेळचं बिल बघितलंस का?"

बिल मी बघितलं होतं. ह्यांना मिळणारी दिव्यांगांची मदत आणि माझी थोडीफार शिवण, यावर आमचं घर चालतं. पण मशीन बंद ठेवून वीज वाचवायची नाही हे त्या रात्री ठरलं. मग बाकी कुठे हात घालायचा ते शोधायला मला दोन-अडीच महिने लागले. तुमच्या घरी असं मशीन नसेलही, पण मदतीच्या तुटपुंज्या पैशात बिल बसवताना जे शिकले ते कुणालाही उपयोगी पडेल.

पहिल्यांदा मीटरसमोर बसा

"दिवे बंद करत जा" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. देणाऱ्यांपैकी एकानेही मीटर पाहिलेला नसावा. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. मी संध्याकाळी अंधारात शिवण करून डोळे शिणवत होते, आणि भिंतीपलीकडे गीझर दिवसभर चालू होता.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२००, १६०० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट खर्च झालं. आता घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६०,००० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. येतील ते वॉट, म्हणजे त्या क्षणी तुमचं घर किती वीज ओढतंय ते. ३२०० च्या मीटरला सोपं आहे: लुकलुक गुणिले १८.७५.

मी दुपारी हे झोपलेले असताना मशीन सोडून सगळं बंद केलं. स्टूल घेऊन मीटरखाली बसले आणि वहीत रेघा ओढत गेले. एका मिनिटात १७. म्हणजे साधारण ३१९ वॉट, एकट्या मशीनचे. दिवसाचे साडेसात युनिट, महिन्याचे २३०. बिल ३९० युनिटचं होतं. अर्ध्याहून जास्त तिथेच जात होतं, आणि त्याला हात लावायचा नव्हता. ऐकायला वाईट वाटेल, पण तो आकडा कळल्यावर मला हायसं वाटलं. उरलेल्या १६० युनिटांशीच आपलं भांडण आहे हे तरी समजलं.

मग एकेक वस्तू चालू करून पुन्हा मोजलं. फ्रिज लावला की २४, म्हणजे फ्रिजचे १३० वॉटच्या आसपास. फ्रिजचं मोजताना कॉम्प्रेसर चालू असल्याची खात्री करा. बाजूला कान लावला की गुणगुण ऐकू येते. टीव्ही बंद, पण त्याचा सेट-टॉप बॉक्स चालू असताना १७ ची १८ होत होती. कधी १७ च. इतका बारीक फरक कळायला पाच मिनिटं मोजून सरासरी काढावी लागते. गीझर लावला तेव्हा मात्र दिवा इतक्या जोरात फडफडला की मोजताच येईना. तिथे दुसरा उपाय: मीटरवरचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून घ्यायचं.

पाणी तापवणं हाच खरा खादाड

विजेवर जे जे तापतं ते ते बिल खातं. गीझर, रॉड, इस्त्री, हीटर, किटली. फिरणाऱ्या आणि उजेड देणाऱ्या वस्तू त्यामानाने गरीब असतात. १५०० वॉटचा रॉड विसरून वीस मिनिटं जास्त राहिला की अर्धं युनिट गेलं. तेवढ्यात तो ९ वॉटचा दिवा ५५ तास जळतो.

१५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं. हा हिशेब पाण्याचा आहे, गीझरच्या कंपनीचा नाही, त्यामुळे कुठल्याही गीझरने तो चुकत नाही. पाणी कढत करून त्यात गार मिसळलं काय किंवा बेताचंच गरम केलं काय, पाण्यात जाणारी उष्णता तेवढीच. वाचवायचं तर लिटर कमी करा. मी बादलीऐवजी छोटी बादली आणि तांब्या घेतला. ह्यांना तर बसूनच अंघोळ घालावी लागते, आठ लिटर पुरतात.

पण खरी गळती दुसरीकडे होती. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवला की तो स्वतःच थंड होतो आणि स्वतःच पुन्हा तापतो. मी एक दिवस नळ न उघडता त्याचं रीडिंग घेतलं: पाऊण युनिट, एक थेंबही न वापरता. महिन्याला बावीस-तेवीस युनिट झाले. आता अंघोळीआधी तेवढ्यापुरता चालू करते, आणि बटणाशेजारी कपड्याची चिमटी लावून ठेवलीय. चालू केला की चिमटी पदराला लावायची, बंद केला की परत जागेवर. विसरायला होत नाही.

स्वयंपाकाच्या इंधनालाही हेच लागू आहे. पाणी उकळलं की त्याचं तापमान पुढे वाढत नाही, आच कितीही मोठी करा. जास्तीची आच फक्त वाफ करते. एक लिटर पाणी तापवून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहा-सात पट ते आटवायला लागते. म्हणून उकळी फुटली की झाकण आणि बारीक आच. जे सावकाश शिजलं तरी चालतं ते मी दहा मिनिटं उकळून, घट्ट झाकून, जुन्या रजईत गुंडाळून खोक्यात ठेवते. दोन तासांनी उघडलं तरी हात पोळतो. फार वेळ कोमट राहिलेलं मात्र खाऊ नका, पुन्हा उकळूनही ते सुरक्षित होतंच असं नाही.

फ्रिज, आणि माझा एक शहाणपणा

फ्रिज रात्री बंद ठेवायचा प्रयोग मी केला. चौथ्या दिवशी दूध नासलं, आणि सकाळी चालू केल्यावर तो दुपारपर्यंत थांबायचं नाव घेईना. बचत दिसली नाही, दूध मात्र गेलं. ज्यांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल त्यांनी तर हे मुळीच करू नये.

उपाय रबरात निघाला. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून गारवा पळतोय. आमच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात कागद नुसता गळून पडायचा. साबणाच्या कोमट पाण्याने रबर धुतलं, खाचेतली काळी घाण जुन्या टूथब्रशने काढली, वाकलेला भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून सरळ केला. नवीन रबर आणायची वेळ आली नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, बर्फाचा थर काढला, आतलं तापमान ४ अंशांवर आणलं. आधी तो गरज नसताना शेवटच्या खुणेवर होता. पुढच्या महिन्यात फ्रिजचे सतराएक युनिट कमी भरले.

सेट-टॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करते. महिन्याला चार-पाच युनिट. ह्यांच्या मशीनची जाळी आठवड्याला धुते. ती तुंबली की मशीनला श्वास जड जातो. पण किती लिटरवर ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय, तो काटा मी हलवत नाही.

थंडीत काय

खोली तापवणं महाग, माणूस तापवणं स्वस्त. २००० वॉटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो, विजेची गरम होणारी चादर साधारण १०० वॉटवर चालते. हीटर घ्यायचाच झाला तर "कमी विजेत जास्त ऊब" या जाहिरातीला भुलू नका. तार तापवून चालणारा हीटर स्वस्तातला असो की काचेचा सुंदर, एका युनिटमधून तेवढीच उष्णता निघते. फक्त हीट पंपाचं, म्हणजे गरम हवा देणाऱ्या एसीचं, गणित वेगळं असतं, कारण तो बाहेरची उष्णता आत ओढून आणतो.

आजारी, म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र नको तितकी काटकसर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीत घरात किमान १८ अंश सांगितले आहेत, आणि अशा माणसांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. शेगडी किंवा कोळसा खोलीत आणून ऊब घेणं तर विषच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेत माणूस जातो. आणि ऑक्सिजनच्या नळीजवळ काडीसुद्धा पेटवायची नाही.

दारावर एक माणूस आला होता, प्लगमध्ये खोचायची डबी घेऊन. बिल निम्मं होईल म्हणाला. घेतली. मीटरवर मोजलं: डबी असताना १७, नसताना १७. आतमध्ये एक छोटा कपॅसिटर आणि हिरवा दिवा असतो. त्याने घरातले युनिट कमी होत नाहीत. माझी एका दिवसाची शिवण गेली.

बिलाचा कागद

यातली निम्मी लढाई कागदावरची आहे, आणि मला ती फार उशिरा कळली. बिलावर आधी रीडिंग खरं घेतलंय का अंदाजे टाकलंय ते बघा. आम्हाला तीन महिने अंदाजे बिल आलं होतं. मी महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा फोटो काढते, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसेल असा. तक्रारीला तोच पुरावा लागतो. मग स्थिर आकार पाहा. एक युनिट न जाळताही तो भरावा लागतो. मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, गरजेपेक्षा जास्त असेल तर बऱ्याच ठिकाणी तो अर्ज करून कमी करता येतो.

कमी उत्पन्नाची सवलत, दिव्यांगांची सवलत, घरी वैद्यकीय यंत्र असल्याची नोंद, यातलं काय काय आहे ते वीज कंपनीला आणि मदत देणाऱ्या कार्यालयाला दोघांनाही विचारा. अशा गोष्टी सहसा आपोआप लागत नाहीत, अर्ज करावा लागतो. खिडकीवर "असं काही नसतं" हे उत्तर मला दोनदा मिळालं. तिसऱ्यांदा मी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला, आणि मग त्यांना अचानक नियम आठवला. वैद्यकीय यंत्राची नोंद पैशासाठी नसली तरी करा. वीज जाणार असेल तर आधी कळवलं जाण्याची शक्यता वाढते, तोडायला येणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. तरी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात हवाच.

बिल थकलं तर मुदत संपण्याच्या आधी वीज कंपनीकडे जा. आधी गेलं की हप्त्यांची गोष्ट होते, नंतर गेलं की दंडाची. मी एका कागदावर दोन रकाने करून नेले होते, डावीकडे महिन्याला येणारं, उजवीकडे भाडं, औषध, किराणा. त्यांनी सांगितलेला हप्ता मला झेपणारा नव्हता. मान डोलावून यायचा मोह होतो, पण पहिलाच हप्ता चुकला की सगळं बोलणं मोडतं. मी माझा आकडा सांगितला आणि तो कागद पुढे सरकवला. थोडी खळखळ झाली, पण मानलं. बिल भरायला मोबाइलवरचं झटपट कर्ज मात्र घेऊ नका. वीज कंपनी थांबते, ते लोक थांबत नाहीत. आणि "आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर तो नंबर लावू नका. जुन्या छापील बिलावरचा नंबर लावून विचारा.

मदत खात्यात येण्याची तारीख आणि बिलाची तारीख, या दोघांचं कधी जमत नाही. म्हणून मदत जमा झाली की त्याच दिवशी मी थोडी रक्कम बिलात आगाऊ भरून टाकते. घरात ठेवली तर ती उरत नाही.

मागचं बिल ३४४ युनिटचं आलं. ह्यांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मशीनचे किती?" मी म्हटलं, "तेच, दोनशे तीस." आता दुपारी कधीतरी तेच मीटरखाली स्टूल टाकून बसतात, लांब नळी ओढून, आणि आतल्या खोलीत मी इस्त्री लावली की बाहेरून ओरडून आकडा सांगतात.