दाढ काढून आलात? मग या चुका टाळा

दाढ डॉक्टर काढतात, जखम भरणं मात्र पेशंटच्या हातात असतं. आणि पेशंटच्या हातात बहुतेक वेळा चूळ भरायचा तांब्या असतो.

कापूस पाऊण तास दाबून धरा म्हटलं, की पाच मिनिटांत काढून बघतात, रक्त थांबलं का? बघायला काढला, की पुन्हा सुरू. मग थुंकणं. लाळेत मिसळलेलं चमचाभर रक्त बेसिनभर दिसतं आणि घरचे हवालदिल. अहो, खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच खालच्या हाडाचं झाकण. थुंकून, खळखळून चूळ भरून, स्ट्रॉने शहाळं ओढून ती सुटते. पहिले चोवीस तास लाळ गिळा. किळस आली तरी गिळा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या.

दुसरी चूक आमच्या निपाणी भागाची खास. तंबाखूचा हा मुलूख, विडीचं काम घरोघरी. एका आक्कांची खालची दाढ काढली, तंबाखू बंद म्हणून बजावलं. आक्का म्हणाल्या, "तंबाखू न्हाई हो खात मी, नुसती मशेरी लावतो." मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे सांगून तोंड दुखलं. तिसऱ्या दिवशी कानाला फडकं बांधून हजर! आधी कानात थेंब घालून घेतलेले. कानात काही नव्हतंच, ठणका दाढेच्या खड्ड्यातून कानाकडे जात होता. खड्डा रिकामा, हाड उघडं, तोंडाला घाण वास. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून हा ठणका जात नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तेव्हा आक्कांना झोप लागली. विडी, गुटखा, मशेरी किमान तीन दिवस बंद. मी आठवडा सांगतो, म्हणजे लोक तीन दिवस तरी पाळतात.

लवंग किंवा दुखण्याची गोळी खड्ड्यात दाबू नका, हिरडी भाजते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधी सांगा, मनाने बंद करू नका.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, शेक नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतेच, मग उतरते. त्यानंतरही वाढत राहिली, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

जेवण मऊ आणि गार. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, चालेल, दुसऱ्या बाजूने. तांबडा रस्सा नाही.

काही आठवड्यांनी हिरडीला टोकदार काही लागलं, तर "दात आत ठेवला" म्हणून भांडायला येऊ नका. बऱ्याचदा ती हाडाची कपची असते, आपोआप बाहेर येते. नाही आली तर चिमट्याने काढून देतो. नखाने मात्र कोरायचं नाही.