टायपिंगच्या लयीवरून वापरकर्ता ओळखायचा, तर

दादरच्या पतसंस्थेत किंवा फोर्टातल्या सीए ऑफिसात एकाच पीसीवर दिवसभरात तिघं-चौघं बसतात आणि "माझ्याच लॉगिनवर टाक ना" हे रोजचंच. पासवर्ड बरोबर असला तरी टाकणारा तोच आहे का, हे टायपिंगच्या लयीवरून बऱ्यापैकी कळतं.

मोजायचं ते मिलिसेकंदांत: प्रत्येक की (कीबोर्डचं बटण) किती वेळ दाबली, आणि ती सोडल्यापासून पुढची दाबेपर्यंत किती वेळ गेला. सराईत हात पहिली सुटायच्या आत दुसरी दाबतो, तेव्हा दुसरा आकडा उणे येतो. तो चूक समजून काढू नका, माणूस ओळखायला फार कामाचा असतो. १० अक्षरी पासवर्ड आणि एंटर मिळून २१ आकडे होतात.

प्रत्येकाच्या लयीची नोंदणी एका बैठकीत उरकू नका, सुरुवातीला हात अडखळतो. रोज ५ वेळा, निदान ८ दिवस, सकाळी आणि संध्याकाळीही. बॅकस्पेस लागलेला प्रयत्न सोडून द्या.

मग प्रत्येक आकड्याची सरासरी आणि सरासरीपासूनचं सरासरी अंतर काढा. एखादी की सरासरी ९५ मिलिसेकंद दाबली जाते, अंतर १०. आज १२५ आले, तर फरक ३०, त्याला १० ने भागून गुण ३. सगळ्या गुणांची बेरीज जितकी मोठी, तितका संशय जास्त. अंतर ८ च्या खाली धरू नका: साध्या यूएसबी कीबोर्डला संगणक ८ मिलिसेकंदांनी एकदा "काही दाबलं का" विचारतो, त्याहून बारीक फरक खरा नसतो.

बिघडतं कुठे? इनस्क्रिप्टमध्ये (मराठीची कीबोर्ड मांडणी) मराठी टाइप करणाऱ्याची लय इंग्रजीपेक्षा वेगळी, म्हणून प्रोफाइल, म्हणजे साठवलेल्या सरासरींचा संच, दोन ठेवा. रिमोट डेस्कटॉपवर नेटवर्कची दिरंगाई वेळेत मिसळते. पासवर्ड मॅनेजरने भरलेल्या पासवर्डला लयच नसते.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००९ च्या चाचणीत ५१ जणांनी एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप केला. याच पद्धतीचा समान-चूक दर ९.६ टक्के निघाला, म्हणजे दहातला जवळपास एक खरा प्रयत्न अडतो आणि एक खोटा सुटतो. म्हणून गुणांची बेरीज तुम्ही ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तरी खातं लॉक करू नका, ओटीपी मागा. मात्र ओटीपीने सुटलेला नमुना प्रोफाइलमध्ये मिळवू नका. फोनही उसना घेतलेला असू शकतो.

कर्मचाऱ्यांना लेखी कळवून संमती घ्या, फक्त वेळा साठवा, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या नोंदी पुसा.