आरटीईचा अर्ज भरताना : नावाजलेल्या शाळेतील जागेसाठी पालकांनी करायची तयारी

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की प्रत्येक भागात ठरावीक चार-पाच शाळांचीच नावे सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि ज्या घराला तिथली फी झेपण्यासारखी नसते त्या घराला त्या शाळेत जाण्याचा एक हक्काचा मार्ग उरतो, तो म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालील (आरटीई) 25 टक्के जागांचा. वस्तीतल्या पालकांचे हे अर्ज भरून देण्याच्या कामात मी काही वर्षे आहे. या जागांच्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, नाव लागले नाही म्हणून परत गेलेल्या आईवडिलांचे वाईट वाटतेच, पण नाव लागूनही एका कागदापायी जागा हातची गेलेले पालक पाहिले की फार जास्त लागते, कारण सोडत कोणाच्या हातात नसली तरी कागद आपल्या हातात असतात. म्हणून पुढचे सगळे लिहिणे त्या हातातल्या गोष्टींविषयी आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गातील किमान 25 टक्के जागांवर परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना प्रवेश द्यायचा असतो आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे असते. शाळेचे प्रवेश पहिलीऐवजी पूर्वप्राथमिक वर्गापासून सुरू होत असतील तर हीच तरतूद तिथे लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2012 रोजी ही तरतूद वैध ठरवली, मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. त्यामुळे मनात धरलेली शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर ती आरटीईच्या यादीत सापडणारच नाही, हे आधीच पाहून घ्यावे. महाराष्ट्रात फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट देण्यात आली होती, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. त्या वर्षी ऐकलेले ‘आता खासगी शाळा मिळत नाही’ हे वाक्य काही घरांत अजूनही ऐकू येते आणि पात्र असलेले पालक त्यामुळे अर्जच करत नाहीत. तसे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

पात्रतेचे दोन रस्ते आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वंचित घटकात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग बालके, अनाथ बालके आणि एचआयव्हीने बाधित किंवा प्रभावित बालके येतात, आणि या घटकासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नसते. हा फरक माहीत नसल्याने जातीचा दाखला घरात असलेले पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विनाकारण हेलपाटे घालताना मी पाहिले आहेत. उलट जातीचा दाखला दुसऱ्या राज्यातला असेल तर तो येथे चालत नाही, त्यामुळे कामासाठी स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांनी आपला रस्ता कोणता, हे अर्ज सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरवावे.

आता कागदांकडे येऊ. मुलाचा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, घटकानुसार जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, आणि दिव्यांग बालकासाठी 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, एवढीच यादी आहे. ती छोटी दिसते, पण प्रत्येक कागदावरचे नाव सारखे असावे लागते. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि अर्जात तिसरे असले की सोडतीनंतरच्या पडताळणीच्या टेबलावर प्रश्न उभा राहतो, आणि तिथे दुरुस्तीला हाताशी मोजके दिवस असतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास सगळे कागद एका पिशवीत काढावेत, जन्मदाखल्यावर जसे नाव आहे तसेच बाकीच्या कागदांवर आहे का ते अक्षर अक्षर ताडून पाहावे आणि आधारची दुरुस्ती करायची असल्यास तेव्हाच करून घ्यावी. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला मिळायला किती दिवस लागतील हे सेतू केंद्रातल्या गर्दीवर अवलंबून असते आणि प्रवेशाच्या हंगामात ती गर्दी सर्वांत जास्त असते. दाखल्याची तारीखही महत्त्वाची असते, कारण अर्जाची मुदत संपल्यानंतर काढलेला कागद पडताळणी समिती मान्य करत नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो भाडेकराराने. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना रेशन कार्ड, वीजबिल, घरपट्टी यांतले काहीतरी दाखवता येते, परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे बहुतेक वेळा एकच कागद असतो, तो म्हणजे शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतलेला करार. एक रिक्षाचालक वडील समितीसमोर उभे होते, मुलीचे नाव त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या शाळेत लागले होते, आणि त्यांनी नीट घडी घातलेला करार टेबलावर ठेवला. समोरच्या बाईंनी तो उलटून मागचे पान पाहिले, शिक्का पाहिला आणि एवढेच विचारले, “हा नोटरीचा आहे, नोंदणीचा कुठे आहे?” भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला, अकरा महिने किंवा त्याहून अधिक मुदतीचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो. त्यांच्याकडे तसा करार नव्हता, आणि नंतर करून आणला तरी तो चालणार नव्हता. खरे पाहता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मालकाला हे कलम शांतपणे दाखवावे. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला तर बरेच मालक तयार होतात, असा माझा अनुभव आहे. मात्र शाळेजवळचा पत्ता मिळावा म्हणून ओळखीच्या माणसाच्या खोलीचा खोटा करार करू नये. करारावरच्या पत्त्यावर कुटुंब खरोखर राहते का, याची चौकशी होऊ शकते आणि तसे न आढळल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ती जागा त्याच गल्लीत खरोखर राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलाची असते.

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला शुल्क नसते. त्यात सर्वांत नाजूक पायरी नकाशाची आहे. पत्ता टाइप केल्यावर पडद्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर एक खूण दिसते. ती खूण हाताने सरकवून आपल्या घरावर नेऊन ठेवायची असते. घरापासून शाळेचे अंतर या खुणेवरूनच ठरते, आणि सोडतीत एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य असते, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांचा विचार होतो. पत्त्यात नुसते पेठेचे किंवा उपनगराचे नाव टाकले की खूण त्या भागाच्या मध्यावर कुठेतरी जाऊन बसते, सायबर कॅफेतला मुलगा घाईत तशीच पुढे जातो, आणि प्रत्यक्षात शाळेच्या मागच्या गल्लीत राहणारे मूल कागदोपत्री दीड किलोमीटर दूर जाते. यावर उपाय सोपा आहे. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी घराच्या दारात उभे राहून मोबाइलवर आपले स्थान उघडावे, जवळचे मंदिर, दवाखाना, पाण्याची टाकी अशी नकाशावर ओळखू येणारी खूण पाहून ठेवावी आणि त्या पडद्याचा फोटो जपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी कॅफेत नकाशा मोठा करत करत स्वतःची गल्ली आणि स्वतःचे छप्पर ओळखता येईपर्यंत पुढच्या बटणाला हात लावू देऊ नये. मागे रांग असली तरी चालेल, ही पाच मिनिटे तुमच्या मुलाची आहेत. खूण मुद्दाम शाळेकडे सरकवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पडताळणीत रहिवासाचा पुरावा आणि खूण जुळली नाही की अर्ज बाद होतो.

शाळा निवडताना जास्तीत जास्त दहा नावे देता येतात. पुष्कळ पालक दोन किंवा तीनच नामांकित शाळा टाकतात आणि बाकीच्या जागा मोकळ्या सोडतात, हे मला अजिबात पटत नाही. आरटीईच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेच्या या जागा दिलेल्या असतात, त्या आधी वाचाव्यात. पहिलीत चाळीस मुलांची एकच तुकडी असेल तर त्या शाळेत आरटीईच्या जागा दहाच असतात, दोन तुकड्या असतील तर वीस, आणि ज्या शाळेचे नाव सगळ्या भागाच्या तोंडी आहे तिथे या दहा-वीस जागांवर किती घरांचा डोळा असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. म्हणून यादीत एक-दोन मनातल्या शाळा असाव्यात, पण उरलेल्या नावांत एक किलोमीटरच्या आतल्या, फारशा न गाजलेल्या पण नीट चालणाऱ्या शाळा भराव्यात. शाळा नीट चालते की नाही हे इमारतीवरून कळत नाही. सुटण्याच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभे राहावे, पाल्य दुसरी-तिसरीत असलेल्या पालकांशी बोलावे, वर्षभर शिक्षक टिकतात का आणि आरटीईतून आलेल्या मुलांना वेगळे बसवतात का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. जिथे आपण मुलाला पाठवणारच नाही अशी शाळा केवळ आकडा भरण्यासाठी टाकू नये. सहा वर्षांच्या मुलाला रोज जाता-येता किती वेळ लागेल आणि त्याला सोडायला घरातले कोण मोकळे असेल, याचाही विचार यादी लिहितानाच व्हावा.

एका मुलासाठी एकच अर्ज भरावा. दोन अर्ज भरले की संधी दुप्पट होते, असा समज आहे, पण दुबार अर्ज सापडल्यास दोन्ही बाद होतात. चूक झाली असेल तर अंतिम सादर करण्यापूर्वीच ती दुरुस्त करता येते, त्यामुळे सादर करण्याचे बटण दाबण्याआधी सगळा अर्ज घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा, कॅफेवाल्याचा कदापि देऊ नये.

सोडत राज्यस्तरावर ऑनलाइन निघते. निवड झाल्याचा एसएमएस येतो, पण तो येईलच असे धरून बसू नये; सोडतीनंतर रोज संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून अर्जाची स्थिती स्वतः पाहावी. नाव लागले असल्यास अलॉटमेंट लेटर, म्हणजे शाळा मिळाल्याचे पत्र, छापून घ्यावे आणि मूळ कागद व झेरॉक्स प्रती घेऊन थेट शाळेत न जाता आपल्या भागाच्या पडताळणी समितीकडे जावे. समितीने प्रवेश निश्चित केल्यावरच शाळेकडे वळावे. दिलेल्या मुदतीत कोणी गेले नाही तर जागा प्रतीक्षा यादीकडे सरकते, आणि याच कारणाने प्रतीक्षा यादीत नाव असलेल्यांनीही आशा सोडून संकेतस्थळ पाहणे बंद करू नये. दरम्यान जवळच्या महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत चौकशी करून ठेवावी, म्हणजे जून उजाडला तरी मूल घरी बसले आहे असे होणार नाही. त्यांतल्या काही शाळा खरोखर चांगल्या आहेत, हे मी मनापासून सांगते.

या काळात ‘नंबर लावून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात. सोडतीत कोणालाही नंबर लावता येत नाही, म्हणून त्यांना एक रुपयाही देऊ नये. शाळेनेही काही मागितले तर कायदा पालकांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन निवड करण्यास बंदी आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत व पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत. ही बंदी आरटीईच्या जागांपुरती नाही, ती सगळ्याच प्रवेशांना आहे, त्यामुळे फी भरून प्रवेश घेणाऱ्या पालकांनीही ती लक्षात ठेवावी.

प्रवेशानंतर वेगवेगळ्या नावांखाली पैसे मागितले जातात, तेव्हा भांडण न करता मागणी लेखी द्या असे सांगावे. कलम 3 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल अशी कोणतीही फी किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही. लेखी मागणी, पावती किंवा वर्गाच्या ग्रुपवर आलेला संदेश जोडून गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पोच नसलेला अर्ज कोणी शोधत नाही, म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

शेवटची गोष्ट बहुतेक घरांना सातवी-आठवीत आठवते, ती पहिलीतच लक्षात असावी. मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीपासून त्याच शाळेत राहायचे तर पूर्ण फी भरावी लागते, त्यामुळे यादीत शाळा टाकतानाच तिथली नववीची फी विचारून घ्यावी, आणि ती झेपणारी नसेल तर नववी-दहावीसाठी जवळ कोणती अनुदानित माध्यमिक शाळा त्याच माध्यमाची आहे, हे वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवावे.